शेषाचलमच्या खडकांतील सोनेरी पाल

पाल चुकचुकली की आपल्याकडे मन साशंक होते. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात मात्र भाविक छताजवळील सोन्याचा मुलामा दिलेल्या पालीला श्रद्धेने स्पर्श करतात. एकाच प्राण्याविषयी भय आणि भक्ती अशा दोन्ही भावना समाजात नांदतात; परंतु पूर्वघाटाच्या खडकांत खरोखरीची सोनेरी पाल वास्तव्य करते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

या पालीचे शास्त्रीय नाव ‘कॅलोडॅक्टिलोडिस ऑरियस’ असे आहे. त्यातील पहिल्या शब्दात सुंदर बोटांचा, तर दुसऱ्यात सुवर्णवर्णाचा निर्देश आहे. बोटांच्या टोकांशी असलेल्या रुंद चकत्यांमुळे ती उभ्या कड्यावर, एवढेच नव्हे तर गुहेच्या छतालाही उलटी चिकटून राहू शकते. सोनेरी पिवळी झळाळी विणीच्या काळात नराच्या अंगी दिसते. एरवीचा तपकिरी रंग खडकाशी मिळून जातो. दिवसा कपारीत दडून राहणारी ही पाल रात्री कीटकांच्या शोधार्थ बाहेर पडते.

बेडोम यांनी 1870 साली तिचे प्रथम वर्णन केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तिचा फारसा मागमूस नव्हता. 1986 साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी ती तिरुमलाच्या डोंगरांत पुन्हा आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे तामिळनाडू व ओडिशातही तिची नोंद झाली. ‘कॅलोडॅक्टिलोडिस’ या प्रजातीतील (जीनसमधील) दुसरी एकच जात ज्ञात असून ती श्रीलंकेत आढळते.

अनेक माद्या एकाच आडोशाच्या खडकावर अंडी चिकटवितात, ही या पालीची विशेष गोष्ट होय. अशा जागा पुनःपुन्हा वापरल्या जातात. त्यामुळे दगडासाठी एखादी कपार फोडली, तर केवळ एका मादीची नव्हे, तर अनेक माद्यांची संतती एकदम नष्ट होते. नवे झाड लावता येते. परंतु तशी कपार पुन्हा निर्माण करणे मनुष्याच्या हाती नाही.

कोणतीही पाल विषारी नसते. सोनेरी पालीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून तिला पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे. तिच्या अधिवासाच्या रक्षणासाठी तिरुमलाच्या परिसरात 1989 साली स्थापन झालेले श्री वेंकटेश्वर राष्ट्रीय उद्यान आणि 2010 साली घोषित झालेले शेषाचलम जीवावरण क्षेत्र यांचे महत्त्व मोठे आहे. तथापि केवळ कायद्याने हे कार्य पूर्ण होणार नाही. बालाजीच्या दर्शनास पायऱ्या चढून जाणाऱ्या यात्रेकरूंनी कपारींत कचरा टाकू नये, काठ्या खुपसू नयेत, डोंगरात आग पेटवू नये. मंदिरातील सुवर्णमूर्तीला आपण जपतो. खडकातील या सजीव सुवर्णालाही तितकेच जपणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.