गाडी खाली बसविण्याविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

सिंधुदुर्गातील तरुण मोटारमालकांमध्ये गाडी ‘खाली बसवून’ घेण्याची हौस अलीकडे रुजली आहे. चाके मडगार्डाच्या कमानीत शिरलेली आणि पोट रस्त्याच्या जवळ आलेले अशी ‘एमएच ०७’ क्रमांकाची एखादी मोटार मालवणच्या भरडावर किंवा कुडाळच्या बाजारात उभी दिसली, की तिच्याभोवती जमलेल्या मंडळींत दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की गाडी जितकी खाली तितकी ती रस्त्याला घट्ट धरून चालते, आणि त्यापायी हाडे खिळखिळी झाली तरी तेवढी किंमत मोजलीच पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की हा सारा देखाव्याचा मामला असून कोकणात उंच गाडीखेरीज गत्यंतर नाही. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोघेही ज्या उंचीवरून वाद घालतात ती मुळात दुय्यम बाब आहे. मुख्य प्रश्न चाकाला वर-खाली होण्यास जो वाव असतो त्याचा आहे, आणि गाडी खाली बसविताना हा वाव किती खर्ची पडला याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

प्रथम उंचीचाच विचार करू. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि गुरुत्वमध्य जितका खाली तितके हे सरकणे कमी, हा पदार्थविज्ञानाचा नियम निर्विवाद आहे. मात्र लाभ किती, हे आकड्यांनीच ठरवावे. हजार किलो वजनाची, दीड मीटर अंतरावर चाके असलेली, ५५० मिलिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली लहान मोटार घेतली आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याने ती वळणावर रेटली, म्हणजे बऱ्यापैकी वेगात घाटाचे वळण घेतले, तर सुमारे १८३ किलो भार बाहेरच्या बाजूस जातो. तीच गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली तर तो १७३ किलोवर येतो. इतका खटाटोप करून पदरात पडणारा हा दहा किलोंचा, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्क्यांचा फरक शर्यतीच्या मैदानात मोलाचा ठरेल. कसालहून मालवणला येणाऱ्या मनुष्याला तो जाणवेल असे मला वाटत नाही. जो फरक जाणवतो तो बहुतांशी नव्या, ताठर स्प्रिंगचा असतो, आणि श्रेय मात्र उंचीच्या खात्यावर जमा होते.

खाली बसलेली गाडी आपोआप कमी कलते, हा दुसरा समज तर बहुसंख्य लहान मोटारींच्या बाबतीत उलटाच आहे. स्विफ्टसारख्या गाड्यांत पुढे मॅक्फर्सन स्ट्रट नावाची रचना असते. तीत चाकाला खालून धरणारा आडवा हात मूळ अवस्थेत जवळजवळ सपाट, किंवा चाकाकडे किंचित उतरता ठेवलेला असतो. गाडी खाली आली की चाक आपल्या जागीच राहते, हाताचे आतले टोक मात्र गाडीबरोबर उतरते आणि हात चाकाकडे चढता होतो. ज्या बिंदूभोवती गाडीचा पुढचा भाग कलतो, ज्याला अभियंते रोल सेंटर म्हणतात, तो बिंदू या बदलामुळे गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली जातो. समजा, गुरुत्वमध्य ५५० आणि रोल सेंटर १५० मिलिमीटरवर आहे. दोहोंतील ४०० मिलिमीटरचे अंतर म्हणजे गाडीला कलविणाऱ्या बळाची तरफ. गाडी ३० मिलिमीटर उतरली आणि त्यापायी रोल सेंटर ५० मिलिमीटर उतरले, तर ती तरफ ४२० मिलिमीटरची होते. स्प्रिंग तीच राहिली तर गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलेल. शिवाय चाके वळविणाऱ्या दांड्यांचा कोन बिघडल्याने खड्ड्यातून जाताना चालकाने स्टिअरिंग न हलवताही चाके थोडीशी वळू लागतात, आणि अलाइनमेंट नव्याने केले नाही तर टायरची आतली कड भराभर झिजते. मूळ गाडी आखणाऱ्याने हे सारे कोन एका विशिष्ट उंचीसाठी जुळविलेले असतात; आपण उंची बदलतो तेव्हा ही सगळी जुळणीच बदलतो.

आता वावाकडे येऊ. चाक खड्ड्यावर किंवा उंचवट्यावर आदळते तेव्हा त्या आघाताची ऊर्जा स्प्रिंगने दबून पोटात घ्यावयाची असते, आणि ही ऊर्जा स्प्रिंग किती दबली त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कारखान्यातून आलेल्या गाडीत चाकाला वर जाण्यास ८० मिलिमीटर वाव असेल आणि त्यातून ३० मिलिमीटर आपण काढून घेतले, तर उरलेल्या ५० मिलिमीटरांत तोच आघात जिरविण्यासाठी स्प्रिंग अडीचपटीहून अधिक ताठर असावी लागेल. एवढी ताठर स्प्रिंग बसविली तर गाडीच्या धडाची आंदोलने सेकंदाला १.२ वरून १.९ वर जातात. प्रवासी मोटारी साधारणतः एक ते दीड आंदोलनांच्या मर्यादेत ठेवल्या जातात, आणि मनुष्यदेहाला सर्वांत त्रासदायक ठरणारी उभी कंपने सेकंदाला चार ते आठ यांच्या दरम्यान असल्याने, जसजसे आपण त्या दिशेला सरकतो तसतशी रस्त्यावरील बारीकसारीक धक्क्यांची गाळणी निकामी होत जाते. आणि एवढी ताठर स्प्रिंग बसविलीच नाही, जसे बहुधा घडते, तर उरलेला आघात ज्या रबरी ठोकळ्यावर जातो त्याला आपले मेकॅनिक बफर म्हणतात. बफरवर बसलेल्या चाकाचा ताठरपणा क्षणात अनेक पटींनी वाढतो. आंबोली घाटाच्या ओल्या वळणावर हे घडले तर गाडीच्या त्या टोकाची पकड एकाएकी सुटते, म्हणजे ज्या आज्ञाधारकपणासाठी गाडी खाली घेतली तोच ऐन प्रसंगी दगा देतो.

म्हणून आराम आणि पकड ही एकमेकांची वैरी आहेत, एक हवी असेल तर दुसरीवर पाणी सोडलेच पाहिजे, हा सर्वांत दृढमूल झालेला समज मला सर्वांत अधिक घातक वाटतो. गुळगुळीत मैदानापुरता तो काही अंशी खरा आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र टायरची पकड त्यावरील भार किती स्थिर राहतो यावर अवलंबून असते. जे चाक उडते त्याला, उडालेल्या क्षणापुरती, पकड शून्य. चाक रस्त्याच्या चढउतारांमागे जाऊ शकावे यासाठी जो मऊपणा आणि जो वाव लागतो, तोच बसणाऱ्याच्या पाठीलाही सुख देतो. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९६२ साली काढलेली एलान ही मोटार वळणावरील चापल्यासाठी आजही वाखाणली जाते, आणि तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, चाकांना वाव भरपूर होता. चापल्याचे काम चोख शॉकअपांनी आणि हलक्या वजनाने केले होते. कच्च्या रस्त्यांच्या रॅलीत धावणाऱ्या मोटारी उंच आणि लांब वावाच्या असतात, याचेही कारण हेच.

सिंधुदुर्गातील रस्ते या दृष्टीने एकजिनसी नाहीत. राष्ट्रीय महामार्ग ६६ चा चौपदरी काँक्रीटचा पट्टा एका प्रकारचा. चौके-धामापूरच्या बाजूचा वळणावळणांचा, झाडीतून जाणारा रस्ता दुसऱ्या प्रकारचा. देवबागकडे जाणारी अरुंद, कडेला वाळू असलेली वाट तिसऱ्या प्रकारची. पावसाळ्यात डांबर उखडून खालचा जांभा उघडा पडतो आणि खड्ड्याची खोली गढूळ पाण्याखाली दडते. त्यातच गणेशचतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या पाहाव्यात: पाच माणसे, सामान, आणि परतीला तांदूळ-नारळांची पोती. मागच्या दोन चाकांवर मिळून दोनशे किलो भार वाढला आणि प्रत्येक चाकामागे मिलिमीटरला दोन किलो असा ताठरपणा असेल, तर गाडीची मागची बाजू ५० मिलिमीटर दबते. जिचा वाव आधीच ३० मिलिमीटरांनी कमी केला आहे ती गाडी मग रस्त्यास लागण्यापूर्वीच बफरवर टेकलेली असते. एकट्या मालकाने गाडी चालवून पाहून ‘काही त्रास नाही’ असा निर्वाळा द्यावा, यात म्हणूनच तथ्य नसते.

स्वस्तात काम व्हावे म्हणून मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकण्याची वहिवाट आहे, आणि तीविषयी मला विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहांतला एक कापला तर ती वीस टक्के ताठर होते, हे खरे. परंतु कापलेले टोक मूळ बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण खाली लटकते तेव्हा स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने तापवून ती दाबून घेण्याचा प्रकार याहून भयंकर आहे, कारण लालबुंद तापविलेल्या पोलादाचे पाणी उतरते. पुढे ती स्प्रिंग किती बसेल आणि केव्हा मोडेल, याची हमी कोणासच देता येणार नाही. आणि मालवणच्या किनाऱ्यावर या कसुरीत समुद्र भर घालतो. खारे वारे स्प्रिंगवरील रंगाच्या जिथे म्हणून चिरा सापडतील तिथे गंज धरवितात. गंजाने पडलेल्या बारीकशा खळीपाशी ताण एकवटतो, आणि स्प्रिंगा बहुधा अशाच खळीपासून तुटतात. उघडे कापलेले टोक म्हणजे त्या गंजाला केलेले निमंत्रणच.

शॉकअप धक्का खातो, हीदेखील एक चुकीची समजूत आहे. धक्का स्प्रिंग खाते. शॉकअप त्यानंतरचे हेलकावे थांबवितो आणि ती ऊर्जा तेलाच्या उष्णतेत घालवितो. त्याच्याविना गाडी झोपाळ्यासारखी झुलत राहिली असती. स्प्रिंग ताठर केली आणि शॉकअप मूळचाच ठेवला, तर तो तिला आवरू शकत नाही. शिवाय आखूड स्प्रिंगमुळे त्याचा दट्ट्या नेहमी तळाजवळ काम करू लागतो आणि त्याचे आयुष्य घटते. म्हणून स्प्रिंग, शॉकअप आणि बफर हे तिन्ही एकमेकांस जुळवून बनविलेल्या संचातले असावेत. केवळ पुढचीच बाजू खाली घेण्याचा मोह तर टाळावाच. १९३० च्या दशकात जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात मॉरिस ऑली या अभियंत्याने दाखवून दिले, की पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा मऊ असली तर उंचवट्यावर आधी चढलेल्या पुढच्या टोकाला मागचे टोक लवकर गाठते आणि गाडीचे डुलणे शमते. पुढचीच बाजू ताठर केली की हा क्रम उलटतो. आणि दिव्यांचा झोतही खाली पडून अंधाऱ्या रस्त्यावर अपुरा ठरतो.

दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यातही एक दुरुस्ती केली पाहिजे. थोडी खाली घेतलेली गाडी कोणत्याही गतिरोधकावर घासणारच, असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. २४५० मिलिमीटर चाकांतर असलेली स्विफ्ट त्यावर चारही चाकांनी उभी राहिली, तर दोन चाकांच्या मधोमध रस्ता फक्त ४४ मिलिमीटर वर येतो. तिची जमिनीपासूनची मूळची १६३ मिलिमीटरची मोकळीक ३० मिलिमीटरांनी घटविली तरी ८९ मिलिमीटर शिल्लक उरतात. गाडी घासते ती ग्रामस्थांनी किंवा ठेकेदाराने मोजमापावाचून घातलेल्या अरुंद, उभ्या बांधावर, कारण तिथे बांधाची सगळी उंची दोन चाकांच्या मध्ये येते. हा दोष गाडीच्या उंचीचा नसून रस्त्याच्या बांधणीचा आहे, आणि त्याविषयीची तक्रार बांधकाम खात्याकडे लेखी करणे हे नागरिकाचे रीतसर काम आहे.

कायद्याविषयीचा समज असा, की इंजिनाला हात लावला नाही म्हणजे सर्व काही माफ. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा कोणत्याही बदलापूर्वी ओरोस येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही तो लेखी कळवावा.

इतके ध्यानात घेऊनही ज्याला गाडी खाली घ्यावयाची आहे, त्याने वीस-पंचवीस मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. आणि खर्च करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. शॉकअपच्या दांड्यावरील धूळरोधक रबर वर सरकवून दांड्याभोवती, शॉकअपच्या नळीला लागून, प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी घट्ट आवळावी. मग कुटुंब आणि सामान यांसह गाडी आपल्या नेहमीच्या रस्त्याने, शक्य तर पावसाळा सरल्यावर खड्डे बुजण्यापूर्वी, आठवडाभर चालवावी. नळी जितकी वर आली तितकी पट्टी सरकलेली आढळेल, आणि पट्टीपासून बफरपर्यंत जे अंतर उरले तोच आपल्या हाती असलेला खरा वाव. मूळ उंचीवरच ती पट्टी बफरला जाऊन भिडली असेल, तर त्या गाडीतून त्या रस्त्यावर एक मिलिमीटरही काढून घेण्यासारखा नाही. पंचवीस-तीस मिलिमीटर मोकळे राहिले असतील, तर चांगल्या संचासाठी पैसे बाजूला काढावयास हरकत नाही.