बाटलीतला नेचा, मातीतली परीक्षा

गावाकडच्या जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीत उगवलेला नेचा आठवतोय? मधे एक दांडी, दोन्ही बाजूंना लांब, अरुंद पानं. भिंतीत उगवणाऱ्या नेच्यांपैकी एक, ‘टेरिस व्हिटाटा’, मी इथे अमेरिकेत काचेच्या बाटल्यांत वाढवते.

हा नेचा मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, धातुसदृश आहे. पण असल्या वनस्पतींच्या यादीत ते हमखास असतं.) फ्लोरिडात, लाकूड टिकवायच्या आर्सेनिकयुक्त रसायनाने दूषित झालेल्या जागेवर त्याचा हा गुण लक्षात आला. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये तो निबंध छापून आला. प्रयोगात पानांच्या कोरड्या वजनात २ टक्क्यांहून जास्त आर्सेनिक भरलं होतं.

एखादी जागा साफ करायची तर हजारो रोपं लागतात, शक्यतो एकसारखी. म्हणून टिश्यू कल्चर. जळगावची टिश्यू कल्चर केळी ऐकली असतील, तत्त्व तेच. नेच्याचे बीजाणू निर्जंतुक करून साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर पेरायचे. त्यातून बदामाच्या आकाराचा, नखाएवढा हिरवा ‘गॅमेटोफाइट’ येतो. तो चिरला की तुकड्यांतून नवे गॅमेटोफाइट उगवतात आणि पाणी मिळालं की त्यांच्यावर नेच्याची रोपं येतात.

आता माझी फजिती सांगते. बाटलीतल्या रोपांना मी जेलीतूनच आर्सेनिक दिलं. पानं तपासली तर जेमतेम काहीतरी सापडलं. ‘बाटलीत वाढून गुण गेला’ असा निष्कर्ष लिहायला मी बसलेच होते! मग चूक कळली. मुळाला आर्सेनेट आणि फॉस्फेट सारखेच वाटतात आणि दोघंही एकाच दारातून आत येतात. जेलीसाठी वापरतात त्या १९६२ च्या मुराशिगे-स्कूग मिश्रणात फॉस्फेट भरपूर असतं. दारात फॉस्फेटचीच गर्दी, आर्सेनेटला वाट कुठून मिळणार? फॉस्फेट कमी केलं आणि आकडे चढले.

दुसरा धडा कुंडीत मिळाला. बाटलीतली हवा दमट असते, त्यामुळे पानांवरचा मेणाचा थर पातळ राहतो. रोपं थेट बाहेर काढली आणि दोन दिवसांत बहुतेक माना टाकून बसली. आता झाकण रोज थोडं थोडं उघडते. याला हार्डनिंग म्हणतात.

म्हणून कोणी ‘लॅबमध्ये लाखो रोपं तयार’ म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा. मातीत किती जगली? त्या मातीत फॉस्फेट किती होतं? आणि कापलेली पानं कुठे गेली? कारण नेचा आर्सेनिक नष्ट करत नाही, फक्त मातीतून पानात हलवतो. ती पानं उघड्यावर जाळली किंवा खतात टाकली, तर विष परत आपल्याच दारात येतं.