मोठ्या आतड्याला रक्त कमी पडतं तेव्हा: उपचार ठरलेले, पुरावा पातळ

हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेला, डायलिसिसवर असलेला, महाधमनीची शस्त्रक्रिया झालेला किंवा सेप्सिसमुळे आयसीयूत असलेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पोटात डाव्या बाजूला अचानक कळ येते, संडासची घाई होते आणि साधारण चोवीस तासांत संडासातून रक्त पडतं. आपल्याकडे रक्त दिसलं की पहिला विचार आमांशाचा येतो, आणि तो पुष्कळदा बरोबरही असतो. पण आधीपासून दाखल असलेल्या वयस्क माणसात आणखी एक शक्यता तितक्याच गांभीर्याने घ्यावी लागते. ती म्हणजे इस्केमिक कोलायटिस, मोठ्या आतड्याला रक्त कमी पडल्यामुळे झालेली इजा.

मी डॉक्टर नाही, शरीरक्रियाशास्त्रातला संशोधक आहे. त्यामुळे हे वाचून कुणी उपचार ठरवू नयेत. पण तुम्ही पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल, तर हा विषय एका कारणासाठी वाचाच. इथे काय करायचं यावर बहुतेकांचं एकमत आहे, आणि त्यामागचा पुरावा मात्र कमजोर आहे.

आधी रचना बघू. मोठ्या आतड्याचा उजवा आणि आडवा भाग बहुतांशी सुपीरियर मेसेंटेरिक धमनीवर जगतो, डावा भाग इन्फिरियर मेसेंटेरिक धमनीवर. दोघींच्या हद्दी प्लीहेजवळच्या वळणावर मिळतात, आणि तिथला पुरवठा नाजूक असतो. तशीच दुसरी जागा सिग्मॉइड आणि मलाशय यांच्या सांध्याजवळ. पेंचच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. धरणातून पाणी कमी सोडलं की आधी टेलचा शेतकरी कोरडा पडतो. कालवा कुठे बुजलेला नसतो, फुटलेला नसतो, पाणीच कमी असतं.

बहुतेक इस्केमिक कोलायटिस असाच असतो. गुठळी सापडत नाही. रक्तदाब पडला की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळतं, आणि पोटाकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. मोठ्या आतड्याला एरवीही बाकीच्या पचनमार्गापेक्षा कमी रक्त मिळतं, म्हणून फटका त्याला बसतो. आतलं अस्तर सगळ्यात आधी मरतं. गंमत म्हणजे रक्त परत आल्यावरही इजा होते, कारण ऑक्सिजनसोबत मुक्त मूलकांचा लोंढा येतो.

नागपूरकरांनी यात ऊन धरायलाच हवं. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात शरीर थंड राहण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवतं, ते पोटातून काढून घेतं, वर घामाने पाणीही जातं. दुसरी इथली गोष्ट सिकलसेलची. शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच लिहिलं होतं. सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये पोट दुखणं नेहमीचं, आतड्याचा इस्केमिया मात्र दुर्मिळ. म्हणूनच तो निसटतो. दुखणं रुग्णाच्या नेहमीच्या क्रायसिससारखं नसेल आणि सोबत रक्त असेल, तर पुढे तपासायला हवं.

आता उपचार. गुठळी नसेल तर रक्त पातळ करणारी औषधं सहसा देत नाहीत. पहिला प्रश्न असतो: प्रवाह का कमी झाला? पाणी कमी पडलं असेल तर सलाइन, पण हृदय कमकुवत असेल तर तेच सलाइन फुप्फुसात भरतं. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनसारखी औषधं रक्तदाब उचलतात आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. रक्तदाब टिकवायचा की आतडं वाचवायचं, हा आयसीयूतला रोजचा पेच आहे. त्यावर सूत्र नाही. जमेल तितका डोस उतरवत नेतात. बद्धकोष्ठता करणारी औषधं थांबवतात. तोंडाने खाणं बंद, पोट फुगलं असेल तर नाकातून नळी. सीटी स्कॅन करतात. दुर्बिणीची तपासणी शक्यतो ४८ तासांत, तीही कमी हवा भरून, आणि पोट कडक झालेलं असेल तर अजिबात नाही. फक्त उजवा भाग बाधित दिसला तर सावध व्हायचं, कारण मूळ अडथळा सुपीरियर मेसेंटेरिक धमनीत असू शकतो आणि मग लहान आतडंही धोक्यात येतं. आतडं सडल्याची किंवा फुटल्याची चिन्हं दिसली तर शस्त्रक्रिया. बहुसंख्य रुग्ण तिच्याशिवाय बरे होतात.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही, हे विसरू नका. तिथे फुगत चाललेलं पोट, वाढतं लॅक्टेट आणि कारण नसताना वाढलेली रक्तदाबाच्या औषधांची गरज एवढंच हातात असतं. सुरुवातीला लॅक्टेट नॉर्मल असलं तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

आता अँटिबायोटिक्सकडे या, माझ्या मते खरा धडा तिथे आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध्यम आणि तीव्र आजारात अँटिबायोटिक्सचा विचार करा, अशी शिफारस आहे. शिफारशीचा दर्जा ‘ठाम’, पुराव्याचा दर्जा ‘अतिशय कमी’. हे दोन शेरे शेजारी कसे बसले? तर्क असा, की अस्तर मेलं की जंतू रक्तात शिरतात. त्याला आधार मुख्यतः जुन्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा. मग जुन्या केसपेपरवरून अभ्यास करून टाकू, असं वाटेल. करून बघा. अँटिबायोटिक मिळालेल्या गटात मृत्यू जास्त निघण्याची शक्यता मोठी. औषध घातक म्हणून नव्हे, तर जास्त आजारी माणसालाच ते दिलं जातं म्हणून.

दुर्बिणीचंही तसंच. ४८ तासांत तपासणी झालेले रुग्ण चांगले वाचले, असं दिसलं तर आधी विचारा: जे पहिल्याच दिवशी गेले ते कोणत्या गटात मोजले? आणि ज्यांचं दुखणं दोन दिवसांत थांबलं, ज्यांची तपासणीच झाली नाही, ते तर तुमच्या आकड्यांत आलेच नाहीत.

रेकॉर्ड रूममध्ये बसणार असाल तर अजून एक खड्डा आहे. आयसीडी-१० मध्ये के५५.० या एकाच कोडखाली मोठ्या आतड्याचा तीव्र इस्केमिया आणि लहान आतड्याचा मेसेंटेरिक इन्फार्क्शन दोन्ही येतात. पहिल्यात बहुतेक बरे होतात, दुसऱ्यात मृत्यूचं प्रमाण खूप जास्त. नुसत्या कोडवरून यादी काढली तर दोन वेगळे आजार एका तक्त्यात बसतील. म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘केसची व्याख्या’ लिहिताना सीटी, दुर्बीण किंवा बायोप्सी यांपैकी काय असेल तरच केस धरायची, हे आधी लिहा. नमुन्याचा आकार त्यानंतर काढा. तो बहुधा तुमच्या गाइडने सांगितला त्यापेक्षा लहान निघेल.