सातच्या नऊ गोळ्या

"मला थायरॉइड आहे," असं सांगणारी बाई प्रत्येक घरात नसली तरी प्रत्येक इमारतीत भेटतेच. तसं पाहिलं तर थायरॉइड सगळ्यांनाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ती एक ग्रंथी आहे. बाईला सांगायचं असतं ते हे, की तिची ग्रंथी मंदावली आहे आणि रोज सकाळी, चहाच्याही आधी, बाटलीतली एक बारीक गोळी घ्यावी लागते. वर्ष-दोन वर्षांत तिचं काही वाटेनासं होतं. मग एका सकाळी घरच्या घरी केलेल्या तपासणीत दोन रेघा उमटतात. आनंद ओसरायच्या आत घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता ती गोळी बंद कर हो, बाळाला बाधेल."

बाळाला बाधतं ते गोळी बंद करणं.

दिवस राहिल्यावर शक्यतो औषध घेऊ नये हा सल्ला एरवी शहाणपणाचा आहे. पण ही गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, हे त्या अर्थानं परकं औषध नव्हे. आपली ग्रंथी जे थायरॉक्सिन तयार करते, त्याचीच ही कारखान्यात बनवलेली हुबेहूब प्रत. शरीरात कमी पडतंय तेवढं बाहेरून भरून काढायचं, इतकाच तिचा उद्योग. आणि गरोदरपणात कमी पडण्याचं प्रमाण वाढतं, कारण खाणारी तोंडं दोन होतात.

बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात काम करू लागते, आणि त्यातही तिला जोर यायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर बाळाच्या मेंदूची जडणघडण आईकडून येणाऱ्या थायरॉक्सिनवर चालते. निरोगी बाईची ग्रंथी ही वाढीव मागणी मुकाट्यानं पुरी करते. गर्भधारणेत तयार होणारं एचसीजी हे संप्रेरक तिला तसा रेटाच देतं. मंदावलेल्या ग्रंथीला मात्र असा रेटा देऊन उपयोग होत नाही. बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं तिला पोखरलेलं असतं. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदानं १९१२ मध्ये या विकाराचं वर्णन केलं, म्हणून आजही तो त्याच्याच नावानं ओळखला जातो.

मग किती वाढवायचं? याचं नेमकं उत्तर बोस्टनमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. आधीपासून गोळी घेणाऱ्या १९ बायकांच्या २० गर्भारपणांवर त्यांनी सुरुवातीपासून नजर ठेवली. १७ वेळा मात्रा वाढवावी लागली. गरज वाढल्याचं काहींच्या बाबतीत पाचव्या आठवड्यातच दिसलं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असताना. पहिल्या अर्ध्या काळात मात्रा सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत स्थिरावली. यातून एक साधा तोडगा निघाला, आणि अमेरिकेतल्या थायरॉइडतज्ज्ञांच्या संघटनेनं तो आपल्या सूचनांत घेतला: दिवस राहिल्याचं कळताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. पाच दिवस एकेक, दोन दिवस दोन-दोन. अर्थात हे परस्पर करायचं नाही. पण पहिल्या तपासणीची तारीख महिनाभरानंतरची असेल, तर तोवर गप्प न बसता डॉक्टरांना फोन करून विचारण्याइतकं हे महत्त्वाचं आहे. त्याहून बरं म्हणजे, मूल हवं असं ठरलं की आधीच तपासणी करून टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवणं.

हे टीएसएच बऱ्याच जणींना चकवतं. आकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढलं, असा समज होतो. खरं तर उलटं आहे. टीएसएच थायरॉइडमध्ये बनतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला कामाला लावतं. मजूर ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसा हा प्रकार. आकडा मोठा, म्हणजे मुकादम ओरडतोय आणि काम होत नाहीये. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात हा आवाज दर चार आठवड्यांनी ऐकावा लागतो, आणि पुन्हा एकदा तिसाव्या आठवड्याच्या सुमारास.

ओरडण्याकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं? गर्भपात, मुदतीआधी प्रसूती, वाढलेला रक्तदाब, कमी वजनाचं बाळ असे धोके वाढतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात एक वेगळाच शोध लागला. तिथे गरोदर बायकांच्या रक्ताचे नमुने साठवून ठेवलेले होते. त्यांतून थायरॉइड मंदावलेल्या, पण त्या वेळी कुणाच्या ध्यानात न आलेल्या आया शोधल्या गेल्या आणि त्यांची सात ते नऊ वर्षांची मुलं तपासली गेली. उपचार न झालेल्या ४८ बायकांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. १९९९ च्या या निष्कर्षानं जगभरचे प्रसूतितज्ज्ञ खडबडून जागे झाले.

मात्र टीएसएच किंचितच वाढलेलं आणि थायरॉक्सिन ठीक असलेल्या बायकांना गोळी दिल्यानं मुलाची बुद्धी वाढते, असं नंतरच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. त्यामुळे सीमारेषेवरच्या आकड्यावर डॉक्टरांची मतं वेगळी पडतात, आणि शेजारणीला गोळी दिली, मला का नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथे असतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचना जोखीम असलेल्या गरोदर बायकांची तपासणी करायला सांगतात: घरात थायरॉइडचा त्रास असलेल्या, आधी वारंवार गर्भपात झालेल्या, वजन जास्त असलेल्या. ही यादी वाचली की शहरातली निम्मी प्रतीक्षागृहं त्यात बसतील.

खरी कसरत स्वयंपाकघरात असते. ओट्याशेजारच्या डब्यात थायरॉइडची बाटली, सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम एकत्र नांदत असतात, आणि विसरायला नको म्हणून तिन्ही एकदमच पोटात जातात. लोह आणि कॅल्शियम दोन्हीही थायरॉक्सिनला पोटातच अडवतात. मग गोळी घेऊनही टीएसएच चढतं आणि मात्रा विनाकारण वाढते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, अर्ध्या-पाऊण तासानं चहा-नाश्ता, आणि लोह-कॅल्शियम किमान चार तासांनी. कॅल्शियम जेवणासोबत, लोह वेगळ्या वेळी. सकाळी उलट्यांनी हैराण असलेलीला रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेता येते. तेव्हा रात्रीचं कॅल्शियम अलीकडे ओढावं लागतं.

कोबी-फ्लॉवरवर मात्र उगीच आळ येतो. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. लक्ष मिठाकडे द्यावं. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि आपल्याकडे त्याचा मोठा आधार आयोडीनयुक्त मीठ. उपवासाचं सैंधव रोजच्या भाजी-आमटीत शिरलं, तर हा आधार सुटतो, कारण त्यात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही.

एक खास मराठी अडचण राहिली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. गाव बदलतं, डॉक्टर बदलतात. तिसाव्या आठवड्याची तपासणी नेमकी याच धांदलीत येते आणि हमखास बुडते. साड्यांच्या बॅगेत सगळ्यात वर फाइल ठेवावी, आणि तिच्या पहिल्या पानावर गोळीची सध्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, तारखेसकट लिहावी.

बाळंतपण झालं की वाढवलेली मात्रा डॉक्टर सहसा पूर्वीइतकी खाली आणतात. गोळी चालू असताना अंगावर पाजायला काहीच हरकत नसते. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याचंही टीएसएच पाहिलं गेलं का, हे घरी निघण्याआधी विचारून घ्यावं. आईचं टीएसएच पुन्हा तपासायचं ते प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी, म्हणजे सव्वा महिना संपतो त्याच सुमारास. बाळंतीण घराबाहेर पडेल तेव्हा देवळाच्या वाटेवरच प्रयोगशाळाही गाठावी, मात्र त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.