माशाची खिडकी

तुमच्यापैकी कितीजणांनी तळ्याच्या काठी बसून गळ टाकला आहे? ज्यांनी टाकला असेल, त्यांना एक अनुभव नक्की आला असेल. दुरून पाहावे तर काठाजवळच्या उथळ पाण्यात मासे खुशाल फिरत असतात. आपण काठी घेऊन जवळ जावे, तर क्षणात सगळे नाहीसे! त्यांना आपली चाहूल लागते तरी कशी? आपण बोलतो ते त्यांना ऐकू येते, की आपण त्यांना दिसतो?

हा प्रश्न मला माझ्या भाचीने विचारला. ती आठवीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे पाटोद्याला आली होती. आमच्या तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते. उगमापाशी ती एखाद्या ओढ्याएवढीच आहे. तळी मात्र गावोगाव आहेत. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात ठिकठिकाणी पाझर तलावांची कामे निघाली, लोकांच्या हातांना काम मिळाले आणि मागे पाणी राहिले. अशाच एका तलावावर मी भाचीला गळ टाकायला शिकवायचे ठरवले. तलावातील मासळीचा ठेका ज्यांच्याकडे होता, त्यांना आधी विचारले. त्यांनी हसून परवानगी दिली.

मी लहानपणी जे ऐकले होते, तेच तिला सांगितले, "अगदी गप्प बसायचं. बोललीस की मासे पळालेच म्हणून समज." ती तासभर तोंडाला कुलूप लावून उभी राहिली. मासे तरीही पळतच होते. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "मामा, मी तर एक शब्दही बोलले नाही. मग ते पळतात कशाला? आपण तपासून पाहू या का?"

काठाजवळ बाभळीचे एक दाट झुडूप होते. तिने सुचवलेला प्रयोग असा. आधी झुडपामागे लपून टाळ्या वाजवायच्या व मोठ्याने ओरडायचे. मग एक शब्दही न बोलता, पायाचा आवाज न करता, नुसते उभे राहायचे. शेवटी पुन्हा लपून जमिनीवर जोरात पाय आपटायचा. प्रत्येक गोष्ट तीन-तीन वेळा करायची आणि मध्ये मासे परत येईपर्यंत थांबायचे.

टाळ्या आणि ओरडणे यांकडे माशांनी ढुंकूनही पाहिले नाही. ती नुसती उभी राहिली, तेव्हा मात्र ते तिन्ही वेळा पळाले. पाय आपटल्यावरही पळाले. वीस वर्षे मुलांना पदार्थविज्ञान शिकवणारा मी, आणि माझी ऐकीव समजूत आठवीतल्या मुलीने अर्ध्या तासात मोडून काढली. एका तलावावरच्या नऊ वेळांच्या निरीक्षणाने सिद्धांत ठरत नाही, हे खरे. पण जे दिसले त्याला पदार्थविज्ञानाचा पुरेपूर आधार आहे.

प्रथम ध्वनीचे पाहू. हवा अत्यंत विरळ आहे आणि पाणी घन. हवेतून येणारा ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला, की त्याच्या ऊर्जेचा सुमारे हजारावा भागच पाण्यात शिरतो. उरलेली सर्व ऊर्जा परावर्तित होऊन हवेत परतते. म्हणून आपले बोलणे माशापर्यंत फारसे पोहोचत नाही. पाय आपटण्याची गोष्ट वेगळी. त्याची कंपने ओल्या मातीतून थेट पाण्यात जातात, वाटेत हवा येतच नाही. माशांना कान बाहेरून दिसत नसले, तरी डोक्यात अंतःकर्ण असतो. शिवाय शरीराच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेखा नावाचे इंद्रिय असते. जवळच्या पाण्याची हालचाल त्याने कळते. तेव्हा तळ्याकाठी हळू आवाजात गप्पा मारायला हरकत नाही, धावपळ मात्र करू नये.

आता दिसण्याचे पाहू. येथे खरी गंमत आहे.

प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, याला वक्रीभवन म्हणतात. तुमच्या पुस्तकात यालाच अपवर्तन म्हटले आहे. पाण्याचा वक्रीभवनांक 1.33 आहे. याचा अर्थ असा, की अगदी क्षितिजावरून, पाण्याला जवळजवळ समांतर येणारा किरणसुद्धा पाण्यात शिरल्यावर उभ्या रेषेशी 48.6 अंशांचा कोन करतो, त्याहून जास्त नाही. या कोनाला क्रांतिक कोन म्हणतात. आता माशाच्या जागी स्वतःला ठेवा आणि वर पाहा. बाहेरचे सगळे जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचे 180 अंशांचे आकाश, तुम्हाला डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या एका गोल खिडकीत दाबून बसवलेले दिसेल. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो. त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. कारण तेथे पूर्ण आंतरिक परावर्तन होते.

ही खिडकी केवढी असते? माशाच्या खोलीला 1.13 ने गुणले, की खिडकीची त्रिज्या मिळते. मासा अर्धा मीटर खोल असेल, तर त्रिज्या सुमारे 57 सेंटिमीटर. तो एक मीटर खोल गेला, तर खिडकी दुप्पट मोठी होते. पण खिडकी लहान असो वा मोठी, तिच्यात जग तेवढेच मावते. म्हणूनच काठावर उभा असलेला माणूस माशाला खिडकीच्या कडेशी दिसतो, जणू झाडावर चढून डोकावत असल्यासारखा.

मी वहीत आकृती काढून हे भाचीला समजावले. तिने लगेच विचारले, "मग खिडकीच्या अगदी कडेला लपता येईल का?"

उत्तम प्रश्न! गणित करून पाहू. क्षितिजापासून 10 अंश वर असलेल्या वस्तूकडून येणारा किरण पाण्यात शिरल्यावर उभ्या रेषेशी सुमारे 47.6 अंशांचा कोन करतो. म्हणजे बाहेरचे खालचे पूर्ण 10 अंश माशाच्या खिडकीत कडेच्या केवळ एका अंशात चेपले जातात. शिवाय इतका तिरपा प्रकाश पाण्यावरून बराचसा परावर्तित होतो, त्यामुळे त्या पट्टीतले चित्र अंधुकही असते. लपायची जागा हीच. 10 अंशांचा हिशेब सोपा आहे: अंतर सहा मीटर असेल, तर पाण्यापासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंतचे सगळे या पट्टीत येते. दीड मीटर उंचीची मुलगी सहा मीटरवर उभी राहिली तर 14 अंशांपर्यंत पोहोचते आणि माशाला दिसते. तीच मुलगी खाली बसली, तर डोके 75 सेंटिमीटरवर येते आणि कोन सात अंशांवर. ती जवळजवळ अदृश्य होते!

तर नियम ठरला: माशापासून सहा मीटर लांब आणि खाली बसून. पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. सहा मीटरवर गळ पोहोचवायचा कसा?

शिसे लावलेला गळ लांब फेकता येतो, पण तो धप्पकन पडतो आणि उथळ पाण्यातले मासे बिथरतात. हे मासे तर पाण्यावर पडलेले किडे टिपत होते. म्हणून आम्ही पिसाची माशी करायची ठरवले. लहानशा गळाला लाल दोरा गुंडाळला, वर कोंबडीचे तपकिरी पीस वेढून बांधले, की झाली माशी. पिसाचे बारीक तंतू चहूकडे पसरतात आणि पाण्याच्या पृष्ठताणावर टेकतात. तंतूंना किंचित मेण चोळले, की लोखंडी गळ असूनही माशी तरंगते. वाटीतल्या पाण्यावर कोरडी सुई हलकेच आडवी ठेवून हे तुम्हालाही पाहता येईल. मग त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि काय होते ते बघा.

ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे 1800 वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक लाल लोकर व कोंबड्याची पिसे गळाला बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे. पुढे इंग्लंडमध्ये ट्राउट माशांसाठी ही कला वाढली. इंग्रजांनी काश्मीर व कुलू येथील थंड नद्यांत ट्राउट आणून सोडले. आपल्याकडील कोमट पाण्यात ते जगत नाहीत. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. आपल्या भागातही गळाचा छंद जुनाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते ज्या बीदर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातून आमची मांजरा पुढे वाहत जाते.

आता फेकण्याचे शास्त्र. एक खडा आणि एक पीस सारख्याच जोराने फेकून पाहा. खडा लांब जातो, पीस पुढ्यातच पडते. हलक्या वस्तूची गतिज ऊर्जा हवेचा विरोध पाहता पाहता खाऊन टाकतो. म्हणून येथे माशी फेकायची नसते, दोरी फेकायची असते. दोरी माशीला घेऊन जाते. आम्ही सुती दोऱ्याचे सहा पदर वळून सुरुवात केली, पुढे चार पदर, मग दोन, आणि टोकाला हातभर तंगूस. तीन मीटर दोरी आणि तीन मीटर बांबूची काठी, मिळून सहा मीटर!

काठी ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. डावा हात काठीच्या बुडाशी, तो टेकू. उजवा हात त्याच्या 30 सेंटिमीटर वर, तेथे बल. काठीचे टोक टेकूपासून 300 सेंटिमीटरवर. म्हणजे उजवा हात 15 सेंटिमीटर हलला, की टोक दीड मीटर हलते. बल जास्त लागते, पण गती दहापट मिळते. काठी मागे नेऊन पुढे आणली आणि झटकन थांबवली, की दोरीचा एक फास हवेत तयार होतो व उलगडत पुढे जातो. जसजसा तो उलगडतो, तसतसा दोरीचा हलणारा भाग लहान होत जातो. ऊर्जा मात्र त्यातच राहू पाहते. वस्तुमान चौथाई झाले, तर गती दुप्पट व्हायला हवी. हवेचा विरोध असल्याने प्रत्यक्षात इतकी होत नाही, पण टोकापर्यंत जोर टिकतो आणि माशी अलगद पुढे जाऊन पडते.

तुम्ही पोतराजाचा आसूड पाहिला असेल. तो बुडाशी जाड आणि टोकाशी बारीक असतो, तो याच कारणाने. त्याच्या टोकाची गती ध्वनीच्या गतीहूनही, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरहूनही, जास्त होते. तोच तो कडाड् आवाज!

भाचीच्या दोरीनेही आधी असाच फटका मारला आणि माशी तुटून गेली. कारण दोरी मागे पूर्ण सरळ होण्याआधीच ती काठी पुढे आणत होती. मी म्हटले, "मागे नेलीस की थांब. दोरी सरळ होऊ दे, मगच पुढे." नवशिक्याला सर्वांत कठीण जाते ते हे थांबणे. दोन माशा तुटल्या, एक बाभळीत अडकली. चौथ्या माशीच्या वेळी ती स्वतःशीच "गेली... आता" असे पुटपुटू लागली. दोरी उलगडली, पीस पाण्यावर टेकले, पाण्यात एक लहानसे वर्तुळ उठले आणि काठीचे टोक वाकले.

वीतभरही नसलेला एक रुपेरी मासा होता. ओल्या हातांनी धरून आम्ही तो सोडवला. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तोच त्याचे रोगांपासून रक्षण करतो. गळाचा उलटा काटा मी पकडीने आधीच दाबून टाकला होता, त्यामुळे तो सहज निघाला. मासा पाण्यात गेला. भाची मात्र गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, त्याला दुखलं असेल का?"

मी तिला खरे ते सांगितले. 2003 साली ब्रिटनमधील संशोधकांना ट्राउट माशाच्या डोक्यात व ओठांपाशी इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू आढळले. माशाला होणारी ती जाणीव आपल्या वेदनेसारखीच असते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. शंका असेल तेथे काळजी घ्यावी, हे मात्र सर्वांना पटण्यासारखे आहे. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग आज एवढाच पुरे." उरलेली दुपार ती गळ नसलेले पीस दोरीला बांधून फेकत बसली. मासे वर येऊन ते हुंगत आणि सोडून देत. तिचा आनंद तसूभरही कमी झाला नाही.

माझा आनंद वेगळा होता. वक्रीभवन मी फळ्यावर शेकडो वेळा शिकवले आहे. पण त्या नियमाचा उपयोग करून कोणी सहा मीटर मागे सरकून बसल्याचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

शिक्षकांनी मुलांना तळ्यावर जरूर न्यावे. मात्र पोहता येणारे मोठे माणूस सोबत हवेच. एकट्याने पाण्याकाठी जाऊ नये. विजेच्या तारांखाली काठी फिरवू नये. फेकणाऱ्याच्या मागे कोणी उभे राहू नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा. सराव मैदानावर, गळाशिवाय करावा.

आणि घरी करण्यासाठी तीन प्रश्न:

1. मासा दोन मीटर खोल असेल, तर त्याच्या खिडकीचा व्यास किती?

2. दीड मीटर उंचीच्या मुलाला उभे राहूनच 10 अंशांच्या पट्टीत लपायचे असेल, तर माशापासून किती लांब राहावे लागेल?

3. टाळी आणि पाय आपटणे यांचा आमचा प्रयोग अधिक विश्वसनीय करण्यासाठी तुम्ही त्यात कोणते बदल कराल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी तळ्यावरच जावे लागेल.