आधी अर्थिंग, मग गारवा

सकाळी 6. नागपुरात मे महिन्यात कूलर दुरुस्तीचं काम उन्हाच्या आधीच सुरू करावं लागतं. पिशवीत टेस्टर, होल्डरसकट बल्ब, टुल्लू पंप, कंडेन्सर. गाडीला मागे नव्या ताट्या बांधलेल्या.

7. प्रतापनगर. "दादा, हवा येते पण गार नाही." एक ताटी कोरडी ठणठणीत होती. वरच्या नळीची भोकं क्षारांनी बुजलेली. कोरड्या ताटीतून हवेला वाट सोपी, म्हणून गरम झळ तिथूनच आत शिरते. तारेने भोकं मोकळी केली.

साडेआठ. सक्करदरा. पंखा नुसता गुणगुणतो, ढकलला की फिरतो. कंडेन्सर बदलला.

10. महाल. पत्र्याला टेस्टर टेकवला, दिवा लागला. "काकू, लांब व्हा!" पंपाच्या वायरचं आवरण पाण्यात चिरलेलं. पंप बदलला. मग सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगला बल्ब जोडून पाहिला, लागलाच नाही. म्हणजे अर्थिंग नावापुरतं. ते नीट असतं आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असता, तर त्या गळतीवर वीज लगेच तुटली असती. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय: विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं अशीच जातात.

"आजचा दिवस चालू द्या, घरात लेकरू आहे."

"लेकरू आहे म्हणूनच नाही."

प्लग काढून ठेवला, तिथूनच वायरमनला फोन लावला.

दुपारी बाहेरची कामं घेत नाही. सावलीत बसून जुने पंप खोलतो.

साडेचार. धरमपेठ. खोली चिकट, दारं-खिडक्या गच्च बंद. एक लिटर पाणी उडताना हवेतली सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. त्यामुळे 45 अंशांची कोरडी हवा चांगल्या ताट्यांतून 28 च्या आसपास उतरते. पण ती दमट झालेली असते, बाहेर गेली नाही तर घाम वाळत नाही. समोरची खिडकी उघडली. थोड्याच वेळात आजोबा म्हणाले, "आता बरं वाटून राहिलं."

6. मानेवाडा. टाकीत अळ्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतींना चिकटून कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने घासून काढलं. आठवड्यातून एकदा हे घरच्यांनीच करायचं, असं बजावून निघालो.

साडेसात. पुन्हा महाल. मीटरपाशी तुटलेली अर्थिंगची तार वायरमनने जोडली होती. बल्ब आता लख्ख लागला, पत्र्यावर टेस्टर विझलेला. आरसीसीबी उद्या बसेल. कूलर सुरू केला आणि काकूंना प्लग काढून, मगच पाणी भरून दाखवायला लावलं.