बोद्रुमचा किल्ला व मौसोलसाची समाधि

तुर्कस्थानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, कॉस बेटाच्या समोर, बोद्रुम नांवाचें एक बंदर आहे. समुद्रस्नान व नौकाविहार यांसाठीं येणाऱ्या प्रवाशांनीं तें उन्हाळ्यांत गजबजून जातें. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र हें गांव निराळ्या कारणानें मोलाचें आहे. ग्रीकांचें हॅलिकार्नासस तें हेंच. हिरोडोटस येथेंच जन्मला, आणि प्राचीनांनीं जिची गणना जगांतील सात आश्चर्यांत केली ती मौसोलस राजाची समाधिहि येथेंच उभी होती. आपल्याकडील गोल घुमटास इंग्रजी ग्रंथकार ‘मॉसोलियम’ म्हणतात, तो शब्द या राजाच्या नांवावरून पडला आहे. ती समाधि आतां नाहीं. ती कोठें गेली, आणि ग्रंथांत तिच्याविषयीं जें लिहिलें आहे त्यांतील किती खरें मानावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मौसोलस हा नांवाचा इराणी सुभेदार, वस्तुतः जवळजवळ स्वतंत्र राजा. त्यानें इ. स. पूर्वीं ३७७ ते ३५३ पर्यंत कारिया प्रांतावर अंमल केला व आपली राजधानी मिलासाहून या बंदरांत आणिली. त्याची बहीण व पत्नी आर्टेमिसिया हिनें पतिनिधनानंतर ही समाधि बांधिली अशी समजूत आहे; परंतु ती स्वतः इ. स. पूर्वीं ३५१ मध्यें वारली. दोन वर्षांत एवढें काम उठणें आम्हांस संभवनीय दिसत नाहीं. आखणी राजाच्या हयातींतच झाली असावी.

समाधीचीं मापें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें दिलीं आहेत. उंची १४० फूट, भोंवतीं ३६ स्तंभ, वर २४ पायऱ्यांचें शिखर व त्यावर चार घोड्यांचा संगमरवरी रथ. येथपर्यंत ठीक आहे. पुढें तो म्हणतो कीं, उत्तर व दक्षिण या बाजू ६३ फूट लांब, उरलेल्या दोन त्याहून आंखूड, आणि एकंदर घेर ४४० फूट. आतां चारी बाजू ६३ फुटांच्या धरल्या तरी बेरीज २५२ च होते. या एका विसंगतीमुळें पंडितांनीं समाधीचे किती निरनिराळे नकाशे काढले असतील त्याची गणति नाहीं. निकाल लागला तो जमिनींतून. इ. स. १९६६ ते १९७७ या काळांत डेन्मार्कच्या क्रिस्टियन येप्पेसेन यांनीं जागेचें पुन्हां उत्खनन केलें, तेव्हां खडकांत खोदलेला पायाचा चौक सुमारें ३८ मीटर लांब व ३२ मीटर रुंद भरला. म्हणजे घेर सुमारें १४० मीटर. फूट ३२ सेंटिमीटरांचा धरल्यास ४४० फुटांचे १४०.८ मीटर होतात. रोमन फूट याहून कांहींसा लहान होता, त्या मानानें हिशोब १३० मीटरांवर येतो. तरीहि ४४० चा आंकडा पायाच्या घेराचा आहे हें आमच्या मतें निर्विवाद होय. ६३ चा आंकडा एकतर वरील एखाद्या भागाचा असावा, नाहीं तर तो नकलकारांच्या हातून बिघडला असावा. आपल्या बखरींतील आंकड्यांशीं ज्यांना झगडावें लागतें त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

बाराव्या शतकांत यूस्टाथियस हा बायझंटाइन विद्वान समाधीचा उल्लेख तेव्हां विद्यमान असलेली वस्तु म्हणून करितो. पुढें ती बहुधा भूकंपानें कोसळली. दिल्ली लुटणाऱ्या तैमूरनें इ. स. १४०२ मध्यें स्मर्ना, म्हणजे आजचें इझमीर, घेतलें. तेथून हुसकलेल्या सेंट जॉनच्या पंथाच्या ख्रिस्ती लढवय्यांनीं त्यानंतर बोद्रुमच्या खडकावर किल्ला बांधावयास घेतला व त्यास सेंट पीटरचें नांव दिलें. त्या नांवाचाच अपभ्रंश होऊन बोद्रुम झालें असें सांगतात. किल्ल्यास दगड लागला तो पडक्या समाधीचा. १४९४ मध्यें व पुन्हां १५२२ मध्यें तटबंदी मजबूत करितांना उरलीसुरली समाधि उकरली गेली. तिचा हिरवट ज्वालामुखीय दगड तटांत आजहि ओळखूं येतो. संगमरवर भट्टींत घालून त्याचा चुना केला.

१५२२ च्या या खोदकामाची एक हकीकत गिशार याच्या १५८१ च्या फ्रेंच ग्रंथांत आहे. कामगारांस जिना लागला, आंत खांबांची व शिल्पांची दालनें लागलीं, त्यापलीकडे शवपेटिका दिसली. रात्र झाली म्हणून मंडळी परतली, आणि सकाळीं पाहतात तों पेटिका फोडलेली व भोंवतीं सोन्याच्या जरीचे तुकडे पसरलेले! ही कथा घडल्यावर जवळजवळ साठ वर्षांनीं, ऐकीव माहितीवरून लिहिलेली आहे. चुन्याच्या भट्टीविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. रात्रींतून आलेल्या चोरांविषयीं मात्र आम्ही जपूनच बोलूं.

तटांत बसविलेले ग्रीक व ॲमेझॉन स्त्रिया यांच्या युद्धाचे शिल्पपट्ट वाचले, ते १८४६ मध्यें इंग्रज वकील स्ट्रॅटफोर्ड कॅनिंग यानें सुलतानाच्या परवानगीनें लंडनला नेले. पुढें चार्ल्स न्यूटन यानें १८५७ मध्यें समाधीची नेमकी जागा हुडकली. शहर नाट्यगृहासारखें अर्धवर्तुळाकार असून समाधि त्याच्या मध्यावर आहे, हें व्हिट्रुव्हियसचें वर्णन त्यास उपयोगीं पडलें. तेथें मिळालेले भव्य पुतळे, रथाचा घोडा व क्षयार्ष या इराणी सम्राटाचें नांव चार लिपिभाषांत कोरलेली दगडी बरणी, हेंहि सर्व लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. बोद्रुमला राहिला तो खड्डा, विखुरलेले स्तंभखंड आणि किल्ला.

म्हणून जाणाऱ्यांनीं प्रथम किल्ला पाहावा व मग खड्ड्याकडे जावें, असें आम्ही सुचवितों. किल्ल्यांत समुद्राच्या तळाशीं सांपडलेल्या जहाजांचें संग्रहालय आहे. इसवी सनापूर्वीं चौदाव्या शतकांतील उलुबुरुन येथील जहाजाचा माल त्यांत आहे, तोहि चुकवूं नये. तट पाहतांना मात्र दगडांच्या रंगाकडे लक्ष असावें. त्यांतील समाधीचे दगड सोडवून घ्यावयाचे म्हटलें तर किल्ला मोडावा लागेल. आणि तो किल्लाहि आतां सहाशें वर्षांचा झाला आहे.